‘तळीराम’ छापता, त्याखाली कलम १८५ ची चौकटही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवे वर्ष लागले की पहिल्या-दुसऱ्या दिवशी एक बातमी हमखास येते: अमुक इतक्या तळीरामांवर कारवाई. सोबत नाकाबंदीचा फोटो, हवालदाराने पुढे केलेले यंत्र आणि काचेतून मान बाहेर काढून फुंकणारा कोणी चालक. मी एसटीत ३१ वर्षे चालक होतो, निवृत्त होऊन सात वर्षे झाली. ही बातमी मी दरवर्षी वाचतो. किती पकडले ते कळते. पकडलेल्यांचे पुढे काय होते, दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ काय म्हणते, कोर्टात उभे राहायची वेळ आली तर माणसाने कोणाकडे जायचे, यातले काही त्यात नसते. ‘तळीराम’ हा शब्दही मला खटकतो. त्यात थट्टा आहे. ज्याच्या घरातले माणूस दारू प्यायलेल्याच्या गाडीखाली गेले त्याला ती थट्टा सहन होत नाही, आणि ज्याचे लायसन गेल्याने गाडीचे हप्ते थकले त्याच्या बायकोलाही होत नाही.

दारू पिऊन स्टेअरिंगवर बसणाऱ्याची बाजू मी घेतो आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून आधी १९९८ सालची गोष्ट सांगतो. गावोगावच्या यात्रांचे दिवस होते. रात्री नऊच्या सुमारास शेवटची फेरी घेऊन येत होतो. वळणावर समोरून आलेली मोटारसायकल थेट माझ्या बाजूला शिरली. मी गाडी डावीकडे दाबली, दोन चाके साइडपट्टीवर उतरवली, तरी तो मागच्या चाकाला येऊन धडकला. कंडक्टरने बॅटरी धरली. बावीस-तेवीस वर्षांचे पोर. शर्टाच्या खिशात यात्रेत घेतलेली रेवड्यांची पुडी होती, ती फुटून रेवड्या डांबरावर विखुरल्या होत्या. तोंडाला दारूचा भपकारा येत होता. एसटीतूनच त्याला दवाखान्याकडे नेले, पण वाटेतच तो गेला. घरी रेवड्यांची वाट पाहणारे कोणी असेल, हा विचार आजही यात्रेत रेवड्यांचे दुकान दिसले की येतो.

गुन्हा माझ्यावर दाखल झाला. मोठ्या गाडीवाल्यावर आधी होतोच. तेव्हाच्या कायद्याने कलम २७९ आणि ३०४-अ, म्हणजे बेदरकार गाडी चालवणे आणि निष्काळजीपणाने मृत्यू. चार वर्षे तारखा केल्या. संघटनेने वकील दिले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, “साहेबांनी विचारले की गुन्हा कबूल नाही एवढेच बोलायचे. घाबरून दुसरे काही बोलू नका.” पंचनाम्यातल्या ब्रेकच्या खुणा, साइडपट्टीत रुतलेली चाके, व्हिसेराच्या (मयताच्या अवयवांच्या तपासणीच्या) रिपोर्टात निघालेली दारू, सगळे त्यांनी एकेक करून कोर्टापुढे ठेवले. मी निर्दोष सुटलो. नोकरी टिकली, मुलांची शिक्षणे झाली. त्या दिवशी माझ्या शेजारी वकील नसता आणि कोणी म्हटले असते, कबूल करून टाका म्हणजे लवकर सुटाल, तर मी कबूल केले असते. तारखांना मी इतका कंटाळलो होतो.

आता पुतण्याबद्दल. त्याची स्वतःची पिकअप आहे, फायनान्सवर घेतलेली. आमच्या भागातला टोमॅटो आणि कोथिंबीर तो कल्याणच्या मार्केटला नेतो. साडेचौदा हजारांचा हप्ता जाऊन हातात पंधरा-सोळा हजार उरतात. गेल्या वर्षी मित्राच्या हळदीला गेला. साडेदहा ते बाराच्या दरम्यान एक क्वार्टर (१८० मिलिलिटरची बाटली) घेतली, जेवला, घरी येऊन झोपला. साडेतीनला उठून अंघोळ केली, चहा घेतला आणि चारला सत्तर कॅरेट भरून निघाला. सव्वापाचला नाकाबंदीत फुंकायला लावले. यंत्रावर आकडा आला ४१, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ४१ मिलिग्रॅम दारू.

त्याला वाटत होते, आपण रात्री प्यायलो, आता सकाळ झाली, झोपही झाली. हे असे वाटणारे हजारो चालक रोज पहाटे रस्त्यावर असतात आणि त्यांत भाजीवाले, दूधवाले, शाळेच्या गाड्यांवाले सगळे आले. पुढे आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला. पासष्ट किलोच्या माणसाने एक क्वार्टर घेतली तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १३० ते १४० मिलिग्रॅम दारू चढते. शरीर ती तासाला पंधराएक मिलिग्रॅमनेच उतरवते. लिंबू पिळा, गार पाणी ओता, काळा चहा घ्या, हा वेग वाढत नाही. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एक क्वार्टर मर्यादेच्या खाली यायला सात तास लागतात. मोठ्या देहाच्या माणसाला थोडे कमी, किरकोळ अंगाच्याला जास्त. हा हिशेब मला नोकरीच्या ३१ वर्षांत कोणी सांगितला नव्हता. आमच्या डेपोत शेवटच्या काही वर्षांत ड्युटीआधी कधी कधी यंत्रात फुंकावे लागे, पण तिथेही ‘रात्रीची सकाळी निघते’ हे कोणी समजावले नाही.

गाडी ठाण्याच्या आवारात लावून घेतली. लायसन काढून घेतले. पुतण्याला बाकावर बसवले, डॉक्टरांपुढे उभे केले साडेनऊ वाजता. संध्याकाळी मी माझे लायसन घेऊन गेलो तेव्हा गाडी ताब्यात मिळाली. ऊन लागून खालच्या कॅरेटमधून पाणी गळत होते, फाळक्याखाली लाल थारोळे झाले होते. माल ज्या शेतकऱ्यांचा होता त्यांना त्याने पदरचे पैसे दिले, ते वेगळेच.

चौथ्या दिवशी कोर्टात बोलावले. मला गुडघ्याचे दुखणे, मी गेलो नाही, ती चूक मला आजही टोचते. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला एक माणूस भेटला. अंगात काळा कोट नव्हता, काखेत फायली होत्या. दोन हजार घेतले आणि सांगितले, “पुकारा झाला की कबूल आहे म्हण, दंड भर, जेवायला घरी जा.” पुतण्याने तेच केले. दहा हजार दंड झाला, व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भरला. मला फोन केला, “आप्पा, सुटलो.”

तो सुटला नव्हता. त्याला शिक्षा झाली होती. दंड ही शिक्षा असते, एसटी स्टँडवर नो-पार्किंगची पावती फाडतात तशी ती नव्हे. हेल्मेटचा, सिग्नलचा दंड जागेवर तडजोडीने भरता येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ त्या यादीतच नाही, ते कोर्टातच जाते. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच दुसरा धरायचे. ती तीन वर्षांची अट आता काढली आहे. म्हणजे त्या दिवशी ‘कबूल’ म्हटलेला एक शब्द पुतण्याच्या नावावर कायमचा आहे. दहा वर्षांनी पुन्हा सापडला तरी तो दुसऱ्यांदा सापडलेला ठरेल. आणि कबुली दिल्यावर अपिलाची वाटही जवळपास बुजते. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरतेच अपील करता येते. व्हरांड्यातल्या त्या माणसाने यातले अक्षर सांगितले नाही.

दोन आठवड्यांनी आरटीओची नोटीस आली. पुतण्याला वाटले, दंड भरला, विषय संपला, ही नोटीस उगाच येते. ती त्याने कॅलेंडरमागे खोचून ठेवली. तीच खरी महत्त्वाची होती. पोलिसांनी जप्त केलेले लायसन आरटीओकडे जाते आणि आरटीओला चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. ऐकून मोकळे करता येते, नाहीतर लेखी कारणे देऊन पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र ठरवता येते. दुसऱ्या गुन्ह्याला लायसनच रद्द होऊ शकते. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. हा गेलाच नाही. तीन महिने लायसन बंद. पिकअप दारात उभी, तिच्यावर बदली चालक ठेवायचा तर तो दिवसाला आठशे मागतो. दोन हप्ते चुकले, फायनान्सवाल्यांची माणसे घरी येऊन गेली. सूनबाईने मंगळसूत्र सोडून बाकीचे किडूकमिडूक मोडले.

तेव्हा मी हलायचे ठरवले. गुडघ्याला पट्टा बांधून तालुक्याच्या कोर्टात गेलो आणि शिपायाला विचारले, गरिबाला इथे वकील मिळतो का? त्याने बोट दाखवले. त्याच इमारतीत, त्याच जिन्याखाली तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय होते. पुतण्या ज्या कोर्टात उभा राहिला तिथेही असे कार्यालय असणारच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही सोय सबंध देशात आहे. महाराष्ट्रात वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत असलेला कोणीही, यांना तर उत्पन्नाची अटच नाही. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे. पुतण्याचे उत्पन्न दोन लाखांच्या आसपास. व्हरांड्यात दोन हजार मोजण्याऐवजी तो पन्नास पावले चालला असता तर त्याला सनदधारक वकील मिळाला असता.

तिथल्या वकील मॅडमनी पुतण्याचे कागद पाहिले आणि एकेक विचारत गेल्या. यंत्रातून निघालेली स्लिप कुठे आहे? तिच्यावर वेळ काय आहे, गाडीचा आणि लायसनचा नंबर बरोबर आहे का? नवी नळी समोर फोडून लावली होती का? फुंकण्याआधी पंधरा मिनिटांत काही प्यायले, खोकल्याचे औषध घेतले, गुळणी केली असे झाले होते का? यंत्र कधी तपासून घेतले त्याचा दाखला पोलिसांनी जोडला का? अटक दाखवली का, कितीला? पुतण्याने स्लिप चुरगाळून टाकली होती. बाकी त्याला काहीच आठवेना.

साडेनऊची गोष्ट ऐकून त्या थांबल्या. अटक केली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाही झाली तर कोठडीतून सोडावे लागते, असे मोटार वाहन कायद्याचे कलम २०२ सांगते. मला आशा वाटली. त्यांनी लगेच समजावले की कोठडीतून सोडणे म्हणजे खटल्यातून सुटणे नव्हे. यंत्राचा आकडा पुराव्यात चालतो. ४१ हा आकडा खरा असेल तर बहुतेक दंड झालाच असता. पण निदान कागद तपासून, समजून-उमजून कबुली दिली असती, पहिला गुन्हा आहे, घर याच्यावर चालते, हे कोर्टाला सांगता आले असते, आणि आरटीओच्या सुनावणीला माणूस हजर राहिला असता. मला त्यांचा हा खरेपणा पटला. खोटी आशा लावून फी उकळणारेही मी पाहिले आहेत.

मदत मिळाल्याने काय फरक पडतो ते मी याच वर्षी डोळ्यांनी पाहिले. आमच्या आळीतला एक रिक्षावाला. माळकरी घरातला, दारूला शिवत नाही. खोकल्याने बेजार होता, स्टँडवर बाटलीतूनच औषधाचे दोन घोट घेतले आणि वळणावर लगेच फुंकावे लागले. यंत्रावर ३९. त्याला माझ्या पुतण्याची कथा माहीत होती. त्याने हुज्जत घातली नाही, फुंकायला नकारही दिला नाही. विनाकारण नकार दिला तर तो कोर्टात आपल्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. त्याने हात जोडून एकच सांगितले, माझे रक्त घ्या. तासाभरात सरकारी दवाखान्यात रक्त घेतले गेले. कोर्टात त्याने ‘कबूल नाही’ म्हटले, समितीचा वकील मागितला. न्यायसहायक प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला महिने गेले, पण आला तो मर्यादेच्या आतला. तो सुटला. व्हरांड्यातल्या माणसाचे ऐकले असते तर दारू न पिताच त्याच्या नावावर हा गुन्हा बसला असता.

रक्ताच्या नमुन्याचे महत्त्व तर साऱ्या महाराष्ट्राला १९ मे २०२४ च्या पहाटेनंतर कळले. पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. त्या दोन पोरांच्या आईबापांचे दुःख कशाने भरून येणार? माझे म्हणणे असे की नमुना घेणे, सील करणे, लेबल लावणे, तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला त्याची नोंद ठेवणे, ही शिस्त जशी निर्दोष रिक्षावाल्याला वाचवते तशीच ती दोषी श्रीमंताला सुटू देत नाही. वकिलाने यावर प्रश्न विचारले म्हणजे तो पळवाट काढतो असे आपण समजतो, ते बरोबर नाही. प्रश्न विचारले जाणार हे माहीत असले की पोलीसही कागद नीट करतात.

आणि कोणाचा जीव गेला तर प्रकरण १८५ वर थांबत नाही हेही चालकांना माहीत असले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होते. सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागले तर त्याहून पुष्कळ जास्त. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली गेले, त्या खटल्यात चालकाची तीन वर्षांची सक्तमजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. तेव्हा निष्काळजीपणाबरोबरच जुन्या कायद्यातले सदोष मनुष्यवधाचे कलम लागले होते. अशा खटल्यात आरोपीकडे पैसा असला तर नामांकित वकिलांची रांग लागते. पिकअपवाल्याकडे व्हरांड्यातला फायलीवाला येतो.

म्हणून आपल्याकडे आणि आपल्यामार्फत पोलीस व न्यायालयीन प्रशासनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. प्रत्येक पोलीस ठाण्यात, ग्रामीण रुग्णालयात आणि तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात ठळक मराठीत एक फलक लागावा: कलम १८५ काय आहे, ‘कबूल’ म्हणजे शिक्षा आणि ती नावावर राहते, फुकट वकील कोणत्या खोलीत बसतो, आरटीओच्या नोटिशीला हजर राहा. आणि आपण नाकाबंदीची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली याच मजकुराची छोटी चौकट छापा. त्यात क्वार्टर उतरायला सात तास लागतात हेही येऊ द्या. चौकट वाचून चार चालकांनी पहाटेची खेप दुसऱ्याला दिली तरी कोणाचे तरी पोर घरी पोहोचेल.

आमच्या पिकअप स्टँडवर मी पुठ्ठ्यावर हे सगळे मार्करने लिहून चहाच्या टपरीला टांगले आहे. पावसाने अक्षरे फुटली की पुन्हा लिहितो. गेल्या महिन्यात दोघांनी १५१०० लावला.

पत्रात पुतण्याचा उल्लेख आहे आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे स्थळ पाहणे सुरू आहे. त्यामुळे माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
ता. जुन्नर, जि. पुणे